नोंद काउंटरवर उघडी आहे

मास्तरांनी आयुष्यात शाळेत एक तासही घेतला नव्हता, पण सगळी गल्ली त्यांना मास्तरच म्हणायची. बावीस वर्षं त्यांनी दोन खोल्यांच्या जागेत कॉम्प्युटरचा क्लास चालवला. आठ मशीन, सोळा मुलं, एका मशीनवर दोघं, आणि ज्याच्या हातात माउस तो शहाणा. क्लास बंद होऊन सहा वर्षं झाली होती, तरी कुठे जुना प्रोग्राम अडला की लोक त्यांनाच फोन करायचे. नवी पोरं जुना कोड बघून नाक मुरडत. मास्तर कपाळावरचा चष्मा खाली ओढत आणि म्हणत, असू दे रे, आमच्या वेळचं आहे, जरा समजूत काढली की ऐकतं.

या वेळी अडलेला प्रोग्राम मात्र त्यांचा स्वतःचा होता आणि काम त्यांच्या स्वतःच्या लेकीचं होतं.

लेक दुसऱ्या शहरात राहायची. मंगळवारी सकाळी तिचा फोन आला. आधी बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली, तेव्हाच मास्तरांच्या मनात पाल चुकचुकली होती. मग तिने एका दमात सांगून टाकलं. छातीत गाठ लागतेय. गुरुवारी तुकडा काढून तपासायला देणार. आणि डॉक्टरांना आईचा पहिला रिपोर्ट हवाय.

आईची हॉस्पिटलची फाइल लेकीकडे होती. पण हॉस्पिटलात जाण्याच्या अकरा महिने आधी आईने एकदा गाठ तपासून घेतली होती आणि तेव्हा काहीच निघालं नव्हतं. डॉक्टरांचं म्हणणं असं, की त्या वेळी खरंच काही नसेल आणि अकरा महिन्यांत एवढं वाढलं असेल, तर लेकीसाठी एक रस्ता. तेव्हाच होतं आणि नजरेतून सुटलं असेल, तर दुसरा. शुक्रवारी ठरवायचं होतं. तो कागद घर बदलताना कुठे गेला ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

मास्तर म्हणाले, बघतो. फोन ठेवला आणि चपला पायात सरकवल्या.

ती पहिली तपासणी झाली होती ती लॅब म्हणजे घरचीच. मास्तरांची बायको चौदा वर्षं तिथे काउंटरवर बसायची. नावं लिहून घ्यायची, नंबर द्यायची, रिपोर्ट छापून लोकांच्या हातात ठेवायची. लोकांचे चेहरे बघून ती आधी पाणी द्यायची की आधी कागद, ते ठरवायची. लॅबचा प्रोग्राम मास्तरांनीच लिहून दिला होता. स्वतःचा रिपोर्टही तिने स्वतःच छापला, पर्समध्ये घडी करून घरी आणला, आणि चहाच्या कपाखाली सरकवून म्हणाली, काही नाही हो, उगाच घाबरलो. त्या रात्री दोघं पोटभर जेवले होते. पुढच्या वर्षी हॉस्पिटल, आणि त्याच्या पुढच्या वर्षी ती नव्हती. त्याला आता नऊ वर्षं झाली.

लॅबचे डॉक्टर गेल्यावर लॅबही बंद पडली. पण आतल्या खोलीत काम करणाऱ्या बाई अजून त्याच भागात, तिसऱ्या मजल्यावर राहत होत्या. मास्तर धापा टाकत वर गेले. बाईंनी काही न विचारता कपाटातून पेनड्राइव्ह काढून दिला. त्यात दोन फाइली होत्या. एक आतल्या खोलीची. दुर्बिणीखाली जे दिसेल ते डॉक्टर सांगत आणि बाई त्यात टाइप करत. दुसरी काउंटरची. रोज संध्याकाळी साडेपाचला मास्तरांचा प्रोग्राम आतल्या फाइलमधली एकेक नोंद उचलून काउंटरच्या फाइलमध्ये ठेवायचा, आणि मग काउंटरवरून रिपोर्ट छापले जायचे.

मशीनचं काय झालं, म्हणून मास्तरांनी सहज विचारलं. बाई म्हणाल्या, भंगारात दिली, पण लोकांच्या आजारपणाची माहिती होती म्हणून डिस्क आधी हातोडीने फोडून घेतल्या. काउंटरची तर त्यांनी स्वतः फोडली होती.

"तुमच्या मंडळींचं मशीन ते," बाई हळूच म्हणाल्या. "दुसऱ्या कुणाच्या हाती द्यावंसं वाटेना."

बुधवारी सकाळी आंघोळ उरकून मास्तर कामाला बसले. जुना प्रोग्राम नव्या मशीनवर सुरूच होईना, आणि त्याचा मूळ कोड त्यांनी कुठे ठेवला होता देव जाणे. पण त्याची फारशी काळजी नव्हती. खरं सांगायचं तर तो प्रोग्राम त्यांचा नव्हताच. ज्या जुन्या भाषेत तो लिहिला होता, तिच्या हेल्पमध्ये एक नमुना दिलेला होता. डेटाबेस उघडा, पहिली नोंद घ्या, वापरा, पुढच्या नोंदीवर जा, संपेपर्यंत. मास्तरांनी त्या नमुन्याला कपडे बदलून लॅबमध्ये उभं केलं होतं. आणि हाच नमुना त्यांनी बावीस वर्षं फळ्यावर लिहून दिला होता. झोपेतून उठवलं असतं तरी म्हणून दाखवला असता.

त्यांनी जुनं सॉफ्टवेअर कसंबसं नव्या मशीनवर चढवलं, हेल्पमधला नमुना चिकटवला आणि चालवला. पहिल्याच ओळीवर आडवा झाला. म्हणे, लायब्ररी सापडत नाही. मास्तरांनी तासभर शोधून ती आणून जोडली. मग म्हणे, फाइलचा प्रकार ओळखता येत नाही. ती जुन्या पद्धतीने उघडायला लावली. मग तो अशा ड्राइव्हवर फाइल शोधायला लागला, की तसला ड्राइव्ह आता जगातल्या कुठल्या मशीनला नसेल. मास्तरांना अशाही परिस्थितीत हसू आलं. नमुना लिहिणाऱ्याला काय माहीत, वीस वर्षांनी कुणी म्हातारा त्याच्या नादी लागणार आहे म्हणून. दुपारचं जेवण त्यांनी उभ्या उभ्याच उरकलं. चार वाजता नमुना चालला.

नोंदी भराभर पडद्यावरून सरकू लागल्या. बायकोचा नंबर मास्तरांना पाठ होता, चार हजार चारशे सतरा. त्यांनी काउंटरच्या फाइलमध्ये तो काढला. तुकड्याचा आकार एक पूर्णांक चार, शून्य पूर्णांक नऊ, शून्य पूर्णांक सहा. शेरा, दोष आढळला नाही.

म्हणजे खरंच काही नव्हतं. मास्तरांनी फोन उचलला आणि सवयीने, क्लासमध्ये पोरांना नेहमी सांगायचे तसं, मागची नोंद एकदा तपासली. नंबर चार हजार चारशे सोळा. कुणी एक वयस्कर गृहस्थ, मानेवरची गाठ. आकार एक पूर्णांक चार, शून्य पूर्णांक नऊ, शून्य पूर्णांक सहा. शेरा तोच. एक अक्षर इकडचं तिकडे नाही.

त्यांनी फोन खाली ठेवला.

आपल्या कोडकडे त्यांनी पुन्हा पाहिलं. नमुन्याच्या वर, पहिलीच ओळ, त्यांच्या बोटांनी त्यांना न विचारता टाइप केली होती. हेल्पच्या नमुन्यात ती नव्हती. ती मास्तरांची. क्लासमध्ये नमुना चालवताना मध्येच एरर यायची, मशीन ठ्यां करून ओरडायचं आणि पोरं बावरायची. म्हणून पहिल्याच दिवशी ते सांगत, सगळ्यात वर एक ओळ लिहून टाका रे. तिचा अर्थ एवढाच, की चूक आली तरी गप्प बसायचं आणि पुढे जायचं. ही ओळ शेकड्यांनी वह्यांमध्ये गेली होती. लॅबच्या प्रोग्राममध्येही ती होतीच.

आता ती तिथे काय करत होती ते मास्तरांना स्वच्छ दिसलं. प्रोग्राम आतल्या फाइलमधून नोंद हातात घ्यायचा आणि काउंटरवर ठेवायचा. एखादी नोंद उघडलीच नाही, तर चूक व्हायची. पण चुकीला गप्प बसवलेलं. हातात मागच्याच माणसाची नोंद. मग तीच पुढच्या नंबरावर ठेवून प्रोग्राम निमूट पुढे जायचा. कुणाला काही कळायचं नाही.

त्यांनी ती ओळ पुसली आणि पुन्हा चालवलं. चार हजार चारशे सोळापर्यंत सगळं सुरळीत गेलं. सतरावर प्रोग्राम थांबला. पडद्यावर इंग्रजीत चौकट आली. तिचा मथितार्थ असा, की आतल्या खोलीची ही नोंद दुसऱ्या कुणीतरी उघडलेली आहे, म्हणून तुम्हाला दिसणार नाही. खाली त्या मशीनचं नाव. काउंटर.

मास्तरांना भीती वाटली नाही. वैतागच आला. असल्या जुन्या डेटाबेसची ही खोड त्यांना माहीत होती. कोण कुठली नोंद उघडून बसलंय, ते तो शेजारच्या एका बारक्या फाइलमध्ये टिपून ठेवतो, आणि मशीन अचानक बंद पडलं की ते टिपण तसंच राहून जातं. त्यांनी ती बारकी फाइल पुसली. पुन्हा चालवलं. पुन्हा तीच चौकट. बारकी फाइल परत आली होती, आणि तिच्यात दोन नावं होती. एक मास्तरांच्या मशीनचं. दुसरं काउंटर.

त्यांनी इंटरनेटची वायर काढली. फरक नाही. घरातल्या माळ्यावर लेकीचा कॉलेजातला लॅपटॉप धूळ खात पडला होता, तो पुसून चालू केला. त्याला कसलंही नेटवर्क नव्हतं, वायर नाही, काही नाही. फाइली त्याच्यावर नेल्या आणि चालवलं. सतरावर थांबला. काउंटर.

तेव्हा कुठे त्यांनी हात आवरला आणि नीट विचार केला. त्या संध्याकाळी साडेपाच वाजता चार हजार चारशे सतरा नंबर कुणी उघडला असेल? काउंटरवर एकच माणूस बसायचं. आपला रिपोर्ट आला का, हे बघायला तिने आतल्या खोलीतली स्वतःचीच नोंद उघडली असणार. तशी सोय मास्तरांनीच तिला करून दिली होती, आणि एकाने उघडलं की दुसऱ्याला बंद, हा नियमही त्यांनीच घातला होता. तिने बघायला घेतलं म्हणून नोंद अडकली. आणि अडकली हे मास्तरांच्या त्या एका ओळीने कुणाला कळू दिलं नाही.

"एवढी काय घाई होती गं," मास्तर रिकाम्या खोलीत म्हणाले, आणि त्यांना रडू फुटलं.

गुरुवारी सकाळी लेकीने तुकडा दिला. फोनवर तिचा आवाज मुद्दाम खणखणीत होता. आईचं मिळालं का, तिने विचारलं. मास्तर म्हणाले, होतंच आलंय.

त्यांनी नमुन्याला एक जोड दिली. नोंद अडलेली असेल तर थांबायचं, दहा सेकंदांनी पुन्हा विचारायचं, मोजत राहायचं. एक, दोन, तीन. आकडा वाढत होता आणि मास्तर समोर बसून होते. खिडकीतलं ऊन टेबलावरून भिंतीवर गेलं. काउंटर हटायला तयार नव्हतं.

एकशे नव्वदच्या आसपास त्यांच्या मनात आलं, की ती कशी हटेल? ती वाट बघतेय. रिपोर्ट मिळाल्याशिवाय चौदा वर्षांत तिने एकही नोंद बंद केली नव्हती.

असला विचार आपल्या डोक्यात यावा याची मास्तरांना लाज वाटली. आयुष्यभर पोरांना सांगितलं, मशीनला मन नसतं, तुम्ही जे लिहिता तेच ते करतं. तरीही त्यांनी काउंटरची फाइल उघडली. तिच्यातली सतरा नंबरची नोंद लिहायला मोकळी होती. शेऱ्यामधलं वाक्य त्यांनी पुसलं. हॉस्पिटलच्या फाइलवर जे आजाराचं नाव होतं, जे त्यांनी बायकोसमोर शेवटपर्यंत कधी उच्चारलं नाही, ते त्यांनी तिथे टाइप केलं. दोनदा अक्षर चुकलं. खाली टीपेचा एक रकाना होता, तो कधीच छापला जायचा नाही. त्यात लिहिलं, चूक माझी होती. सेव्ह केलं.

दोनशे अकरा. दोनशे बारा.

नोंद उघडली.

बाईंनी टाइप केलेली, डॉक्टरांच्या तोंडची चार वाक्यं होती. दोष होता. लहान होता. पसरलेला दिसत नव्हता. गाठ लगेच काढावी, असं शेवटी लिहिलं होतं.

मास्तरांनी ती चार वाक्यं किती वेळा वाचली याचा हिशेब नाही. मग लेकीला फोन करून एवढंच सांगितलं, की आईला तेव्हाच होतं. लेक म्हणाली, "मग सुटलं कसं, बाबा?"

"माहीत नाही गं," मास्तर म्हणाले. पोटच्या पोरीशी ते पहिल्यांदाच असं खोटं बोलले.

काम झालं होतं. मशीन बंद करण्याआधी त्यांनी ती बारकी फाइल सहज बघितली. सगळ्या नोंदी सुटल्यावर ती आपोआप नाहीशी होते. ती अजून तिथेच होती. आत एकच नाव. काउंटर.

सतरा तर सुटली होती. मग आता काय धरलंय?

मास्तरांनी नमुना पुन्हा लावला. सगळ्या नोंदी एकामागून एक उघडल्या, शेवटच्या नऊ हजार दोनशे त्रेसष्टपर्यंत. एकही अडलेली नव्हती. त्यांनी त्याच्या पुढचा नंबर विचारला, चौसष्ट. तो लॅबने कधी कुणाला दिलाच नव्हता. अशी नोंद नाही, एवढंच उत्तर यायला हवं होतं.

चौकट आली. ही नोंद दुसऱ्या कुणीतरी उघडलेली आहे.

मास्तरांनी मशीनची वायर भिंतीतून उपटली.

शुक्रवारी दुपारी लेकीचा फोन आला. ती तिकडच्या लॅबमध्ये उभी होती, मागे माणसांचा गलबला ऐकू येत होता. वैतागून सांगत होती, की सकाळपासून ताटकळलेय. इथल्या मुलीला माझा रिपोर्टच छापता येत नाहीये. नोंद दुसरीकडे कुणीतरी उघडून ठेवलीय असं येतंय म्हणे. प्रोग्राम कुठल्या जमान्यातला आहे कोण जाणे. ज्याने लिहिलाय तो कुठल्याशा क्लासमध्ये शिकलेला. पण त्यानेच एक बटण करून ठेवलंय, असं अडलं की दाबायचं, म्हणजे पुढे जातं.

"दाबू देऊ नकोस," मास्तर म्हणाले. "तिला म्हणावं, थांब. कितीही वेळ लागू दे."

"काय? मोठ्याने बोल, बाबा. प्रिंटर सुरू झालाय."

"तो कागद तुझा नाही. ऐक माझं. परत तपासायला सांग."

पलीकडे कागद ओढल्याचा आवाज आला. मग लेक हसली, आणि हसता हसता तिचा आवाज फुटला.

"सुटले, बाबा. साफ आहे म्हणून लिहिलंय."

मास्तरांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ऐकतोयस ना? नाव तेवढं चुकवलंय बघ ह्यांनी. फॉर्मवर मी पूर्ण नाव लिहिलं होतं. इथे आई मला घरात हाक मारायची ना, तेच छापलंय."